शाब्बास बाद होणाऱ्याला

माझ्या सासूबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. समोर नगरसेवक असो की गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस, नजर पहिली खाली. लग्नाआधी मी त्यांच्या वारज्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा चांगली सिल्कची साडी नेसून, गजरा माळून, चेहऱ्यावर जमेल तेवढा सोज्वळपणा आणून उभी होते. बाईंनी माझ्या चेहऱ्याची दखलच घेतली नाही. पायांकडे बघितलं, मग दारात काढलेली माझी चप्पल उचलली, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "उजवी टाच जास्त झिजलीय. डाव्या पायाला कधी लागलं होतं?"

माझे बाबा सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले होते. सदाशिव पेठेतला माणूस, गप्प बसणं रक्तात नाही. ते म्हणाले, "अहो, आम्ही मुलगी घेऊन आलोय, चपला नाही."

"कळलं मला," सासूबाई म्हणाल्या. "पण मुलगी आज छानच दिसणार. चपला रोजच्या असतात."

बाबांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तोडीस तोड भेटलं होतं. घरी परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "अनघा, बाई कडक आहे. पण खोटी नाही." आणि डाव्या पायाला खरंच लागलं होतं, शाळेत असताना सायकलवरून पडले होते. हे मी स्वतः विसरून गेले होते.

लग्नाला माझी अट एकच होती. ब्रुनो माझ्याबरोबर येणार. ब्रुनो म्हणजे माझा कुत्रा, अर्धा लॅब्रॅडॉर आणि अर्धा रस्त्यावरचा कोणीतरी, चॉकलेटी रंगाचा, कान मात्र एक उभा आणि एक पडलेला. संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धाकधूक होती की आईला कुत्रा चालेल का. आईंनी ब्रुनोला इमारतीच्या अंगणात उभं केलं, चारी पंजे एकेक करून हातात घेतले, बोटं फाकवून बघितली, मागच्या मांड्या चाचपल्या. तो शहाण्यासारखा उभा राहिला. "ह्याची ठेवण चांगली आहे," त्या म्हणाल्या. "ह्याला येऊ दे." मग माझ्याकडे हात करून मुलाला म्हणाल्या, "हिचं तू बघ."

तर अशा मालती जगताप. अख्खं वारजं त्यांना जगतापबाई म्हणायचं. मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्त झालेलं त्यांना कोणी कळवलेलं नसावं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेमागच्या मैदानात सकाळ-संध्याकाळ हजरच. खो-खो. दुसरा विषय नाही. वारजं गाव होतं तेव्हा जगतापांची शेती होती, आता तिथे इमारती आहेत आणि इमारतींना परदेशी बागांची नावं आहेत; त्यांतल्याच एकीत, वरच्या मजल्यावर, आमचं घर. नवी सून म्हणून त्या ह्या घरात आल्या तेव्हा त्यांच्या सासूने बजावलं होतं, जगतापांच्या सुना पळत नसतात. ह्यांनी उत्तर दिलं म्हणे, "बरोबर हाय. आजवर कुणी पळवलंच नाही त्यांना." एरवी त्यांची भाषा शाळेतल्या फळ्यावरची. पण राग आला किंवा माया आली की तो 'हाय' बाहेर यायचा. दोन्हींतलं काय आलंय, ते आपण ओळखायचं.

मैदानावरचा त्यांचा एक रिवाज मला सुरुवातीला अजिबात कळायचा नाही. त्यांच्या मुलींनी जिल्ह्याची स्पर्धा जिंकली तेव्हा मी मुद्दाम रजा टाकून बघायला गेले होते. मुली नाचत होत्या, कोणाचे आईवडील पेढे वाटत होते, आणि बाई म्हणाल्या, "झालं ना? चला, दोऱ्या गुंडाळा, रेघा आखायच्या फक्कीची पोती आत ठेवा." बस्स. पण त्याच सामन्यात एक मुलगी पळताना पहिल्याच झटक्यात बाद झाली होती, रडत बाहेर येत होती, तेव्हा ह्या रेघेपर्यंत चालत गेल्या. प्रत्येक बाद होणाऱ्या मुलीला घ्यायला त्या रेघेपर्यंत जायच्या. पाठीवर एक थाप, स्वतःच्या खांद्यावरची बाटली तिच्या हातात, आणि ठरलेले शब्द. "शाब्बास. पाणी पी."

मी घरी विचारलं, "आई, जिंकलेल्यांना नाही का हो शाब्बास?"

"जिंकलेल्याला टाळ्या मिळतात. शाब्बास बाद झालेल्याला लागते."

मला मात्र त्यांची शाब्बास कधीच मिळाली नाही, हे इथे नमूद करते. मी केलेले पोहे 'खाण्यासारखे' असायचे. मला नोकरीत बढती मिळाली तेव्हा 'म्हणजे आता अजून उशिरा येणार'. एकदा मी पुरणपोळी केली, जीव ओतून केली, तर दोन खाऊन म्हणाल्या, "तुझ्या आईला कळव, काळजीचं कारण नाही." संदीप म्हणायचा, ही मोठी स्तुती आहे. असेल. आम्ही पेठेतली माणसं, आम्हाला कळतं थोडंफार. पण कधी कधी माणसाला सरळ शब्द हवा असतो.

ब्रुनोशी मात्र त्या वेगळ्याच वागायच्या. त्याला त्यांनी कधी ब्रुनो म्हटलं नाही. खो-खोत खेळाडूला गडी म्हणतात, म्हणून हा गडी. "गडी, चल." सकाळी दारात एक शिट्टी वाजायची आणि गडी झोपेतून उठून थेट खालच्या फाटकापाशी. मैदानात त्याची जागा ठरलेली, खांबाच्या मागे, रेघेबाहेर. सराव संपला की शेवटी त्याला आत सोडायच्या आणि तो मुलींच्या रांगेतून नागमोडी असा पळायचा की बघणाऱ्याने बघत राहावं. "बघा गं," त्या ओरडायच्या, "खांदा आधी जातो का पाय आधी जातो? बघा!" त्याला सोफ्यावर बसू द्यायच्या नाहीत. पण थंडीत त्यांची जुनी शाल त्याच्या अंगावर कशी येते, हे घरात कोणी विचारायचं नाही.

तो लंगडतोय हे त्यांनीच पहिलं पाहिलं. खरं तर तो अजून लंगडतही नव्हता. "वळताना डावा पुढचा पाय टाकत नाहीये," त्या म्हणाल्या. मला काही दिसेना. जवळच्या डॉक्टरांनी तपासून लचक म्हणून गोळ्या दिल्या, आणि सूजही नव्हती तेव्हा दुसरं कोणीही तेच म्हटलं असतं. पण ह्या पुन्हा पुन्हा त्याचा पाय हातात घेऊन बघत राहिल्या. "मी जन्मभर लचका बघितल्या. लचक रोज थोडी थोडी उतरते. ही चढतीय." शेवटी त्यांच्याच हट्टाने आम्ही मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडाचा कॅन्सर. पाय काढावा लागेल, आणि तो लवकर, कारण त्याला होणाऱ्या वेदना तो दाखवतोय त्याच्या कितीतरी जास्त आहेत, असं डॉक्टर म्हणाल्या. शांत, समजूतदार बाई होत्या त्या, आमच्याएवढ्याच वयाच्या.

पाय काढण्यावर घरात वाद झाला नाही. दुखतंय ते काढायचं, एवढं सगळ्यांना पटलं. ऑपरेशननंतर तो घरी आला तेव्हा मी मात्र कोसळले. खांद्यापासून सगळं सपाट, केस कापलेले, टाक्यांची लांब रेघ. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून हमसून हमसून रडत होते. सासूबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. "तुझं झालं की सांग," त्या म्हणाल्या. "त्याला उठायचंय, तू वाटेत बसलीयस." आणि खरोखरच तो उठायला बघत होता. एकदा पडला, दुसऱ्यांदा भिंतीला टेकला, मग पाण्याच्या भांड्यापर्यंत टुणटुण गेला आणि घटाघटा पाणी प्यायला. त्या दिवशी मला वाटलं, हा माझा कुत्रा आहे आणि ह्याच्याएवढं धीराचं माणूस माझ्या ओळखीत नाही. अभिमानाने ऊर भरून येणं म्हणतात ते हेच असावं.

सोसायटीत लोकांना जिव्हाळा फार. "अरेरे, बिचारा!" म्हणत सगळे थांबायचे. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टची वाट बघत म्हणाले, "काय हो हे जगणं, बाई. तीन पायांवर."

"तुम्ही दोन पाय असून दुसऱ्या मजल्याला लिफ्ट लावता," सासूबाई म्हणाल्या. "तो जिन्याने येतोय. चल रे गडी."

पण खरा प्रश्न पुढेच होता. काढलेल्या हाडाची तपासणी होऊन आली आणि डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. छातीचा फोटो आज स्वच्छ आहे. पण ह्या जातीचा कॅन्सर बहुतेक वेळा डोळ्यांना दिसायच्या आधीच फुप्फुसांकडे निघालेला असतो. काहीच केलं नाही तर काही महिने मिळतील. केमोथेरपी केली तर त्याहून अधिक, कदाचित बरेच अधिक, पण कायमचा बरा होईल असं वचन त्या देणार नाहीत. "विचार करा," त्या म्हणाल्या. "फार दिवस मात्र नका घेऊ."

विचार करा! सांगणं सोपं. संदीप म्हणाला, अर्थात करायची, प्रश्नच काय. माझे बाबा फोनवर म्हणाले, "मुक्या जनावराला कशाला छळता? आता जेवढं आहे तेवढं सुखात जाऊ द्या." दोघांचंही ऐकलं की दोघांचंही पटायचं. कुत्रा माझा होता, तेव्हा शेवटचा शब्द माझा, हे सगळ्यांनी मोठ्या मनाने मान्य करून टाकलं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी माईमावशी होती. तिची केमो निम्म्यावर आली तेव्हा ती म्हणत होती, आता नको, आता पुरे. आणि घरातलं प्रत्येक जण तिला म्हणत होतं, आता मध्येच कसं सोडायचं, एवढं केलंस, थोडंच राहिलंय. ते थोडं संपायच्या आत ती संपली. मावशीला निदान 'नको' म्हणता येत होतं. ब्रुनोला तर तेही येत नाही. एकदा हो म्हटलं की त्या वाटेवर त्याला शेवटपर्यंत फरफटत न्यायचं, ते मला नको होतं. आणि नाही म्हटलं, तर हा धडधाकट खाणारा-पिणारा जीव मी आपल्या भीतीपायी काळाच्या हवाली केला असं होणार. जेवण सुटलं माझं.

एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मला त्या डॉक्टरांकडे घेऊन चल." तिथे गेल्यावर त्यांनी आधी सवयीप्रमाणे डॉक्टरांच्या बुटांकडे बघितलं, आणि मग दोनच प्रश्न विचारले. पहिला, "औषध दिल्यावर त्याचे दिवस कसे जातात?" डॉक्टर म्हणाल्या, माणसांसारखं नाही. माणसाला रोग मुळापासून उपटायला औषध देतात, म्हणून ते सोसावं लागतं. कुत्र्याला आम्ही बेतानेच देतो, त्याचं जगणं चांगलं राहावं एवढ्यापुरतं. एखाददुसरा दिवस मलूल असेल, कधी उलटी, कधी जुलाब. बहुतेक कुत्री खेळतात, खातात. दुसरा प्रश्न, "मध्येच थांबता येतं?"

"कधीही," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या डोसनंतरसुद्धा."

तिथून घरी जायचं सोडून त्यांनी मला गाडी मैदानाकडे घ्यायला लावली. संध्याकाळचा सराव चालू होता. मुली आपल्या चौकोनांत, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे, अशा रांगेत बसल्या होत्या. बाईंनी शिट्टी मारली. "तनुजा, तू धर. अनघा, तू पळ."

"मी? आई, मी ऑफिसच्या कपड्यांत आहे."

"पर्स मला दे."

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण ती शिट्टी ऐकल्यावर नाही म्हणणारा माणूस वारज्यात जन्मायचा होता. मी ओढणी कमरेला बांधली आणि आत गेले. तनुजा म्हणजे त्यांची सगळ्यात वेगवान मुलगी. "तनुजा, खो द्यायचा नाही, एकटीने पकडायची," असं त्यांनी तिला सांगितलं, आणि मी जीव घेऊन पळत सुटले. सरळ रेषेत.

"सरळ कुठे निघालीस? साताऱ्याला?" मागून आवाज आला. "वळ! वळ की! तुला वळता येतं!"

मुली फिदीफिदी हसत होत्या. तनुजाचा हात माझ्या पाठीला लागणार, एवढ्यात मी दोन बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडे घुसले. आणि तनुजा तशीच पुढे गेली. तिला जावंच लागलं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, रांगेच्या मधून जाता येत नाही. टोकाच्या खांबाला वळसा घालूनच यावं लागतं. मी मध्ये उभी राहून धापा टाकत होते आणि ती बिचारी खांबापर्यंत पळत होती. ती आली, मी पुन्हा पलीकडे. अर्थात थोड्याच वेळात तिने मला पकडलंच. माझा दम तो किती!

सासूबाई रेघेपाशी आल्या. शाब्बास नाही, पाणी नाही. तिथेच मला उभं करून म्हणाल्या, "तुला वाटतंय की एकदा सुरू केलं की टोकाच्या खांबापर्यंत जायलाच पाहिजे. तो नियम पाठलाग करणाऱ्याला. आपण कुणाच्या मागं लागलोय? तो आजार आपल्या मागं लागलाय. आपण पळणारे हाय. पळणाऱ्याला वळता येतं. पुढे जा, नाही पटलं तर फीर. कुणी फाऊल देत नाही."

"पण आई, शेवटी पकडणारच ना तो?"

"मग? खो-खोत पळणारा कधी कुणाला पकडतो का? बाद सगळेच होतात. मैदानात किती वेळ राहिला आणि कसा राहिला, पळणाऱ्याचं एवढंच बघतात." मग ब्रुनोच्या जागेकडे, खांबामागे बघून म्हणाल्या, "अजून त्याच्यात पळणं शिल्लक हाय. पाय सांगतात त्याचे. मात्र वळायचं कधी, हे मी बाहेरून ओरडणार नाही. जो आत असतो त्याला दिसतं. ते तू सांगायचं."

"आत्ता तर किती ओरडत होतात."

"तो सराव होता. सामन्यात बाहेरून ओरडलं तर पंच हाकलतात."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन करून हो सांगितलं. त्या रात्री मी दोनदा भात मागून घेतला, आणि आई म्हणाल्या की पळाल्याचा हा फायदा असतो.

मग केमो सुरू झाली. औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडी थोडा मंद असायचा, दहीभाताला तोंड लावून सोडून द्यायचा. एकदा मात्र फार आजारी पडला. उलट्या, ताप, रक्तातल्या पेशी घसरल्या. संदीप घाबरून म्हणाला, थांबवू या का? मी ब्रुनोकडे बघितलं. सकाळी शिट्टी झाल्यावर तो थरथरत का होईना, उठून दारापर्यंत गेला होता. "नाही," मी म्हटलं, "हा अजून आत आहे." डॉक्टरांनी पुढचा डोस पुढे ढकलला, जरा कमी केला, आणि गडी परत टुणटुणायला लागला. सासूबाईंनी ह्या सगळ्यात एका शब्दाने मत दिलं नाही. बाईंना गप्प बसायला किती कष्ट पडत असतील, ते मला त्यांच्या लाटण्याच्या आवाजावरून कळायचं.

पण काय दिवस काढले त्याने! तीन पायांवर मैदानात पळायचा. पुढचा एकच पाय मध्यावर आणून त्यावर असा गर्रकन वळायचा की नव्या मुली आ वासून बघत राहायच्या. "बघा," बाई म्हणायच्या, "त्याला तीनावर जमतंय. तुम्हाला दोनावर जमत नाही, लाज धरा." एका रविवारी आम्ही त्याला खडकवासल्याला घेऊन गेलो. पाण्याच्या कडेला तो छातीपर्यंत आत गेला, बाहेर येऊन सगळ्यांवर पाणी झटकलं आणि एका अनोळखी कुटुंबाचं भाजलेलं कणीस घेऊन पळाला. ते लोक ओरडत मागे. संदीप माफी मागत मागे. आणि सासूबाई, पदर खोचून कठड्यावर उभ्या, छाती फुगवून त्या लोकांना सांगताहेत, "तो आमचा आहे!" मी त्यांना एवढ्या खुशीत त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मुली जिंकल्यावरसुद्धा नाही.

दिवाळी झाली, थंडी गेली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचा खोकला सुरू झाला. फोटोत फुप्फुसांवर डाग होते. डॉक्टर म्हणाल्या, अजून एक वेगळं औषध आहे, देऊन बघता येईल. काम करेलच असं नाही. संदीप म्हणाला, बघू या ना. मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दारात शिट्टी मारली. ब्रुनोने मान उचलली. शेपटी जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा. पुढचा पाय सरकवला, आणि मग तो त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला. मला कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

"थांबू या," मी म्हटलं.

संदीपचा चेहरा पडला. "अनघा, एक औषध बाकी आहे. आई, तू तरी सांग हिला."

सासूबाईंनी शिट्टी गळ्यातून काढून खुंटीला अडकवली. "आत ती होती," त्या म्हणाल्या. "तिने बघितलंय."

डॉक्टर घरी आल्या. खाली अंगणातच, सकाळच्या उन्हात, त्या जुन्या शालीवर त्याला घेतलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि उभा कान माझ्या हातात. सासूबाईंनी बाटलीतलं पाणी तळव्यावर घेतलं. त्याने दोनदा जीभ लावली. मग डॉक्टरांनी सुई दिली, आणि काही कळायच्या आत त्याचं डोकं जड झालं. मी हलले नाही. रडलेही नाही, म्हणजे तेव्हा नाही.

सगळे उठले तरी मी तशीच बसले होते. मग पाठीवर थाप पडली. चांगली जोरात, मैदानावरची. वर बघितलं तर त्या वाकून उभ्या होत्या, डोळे लाल, बाटली माझ्यासमोर धरलेली.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "पाणी पी."

मी प्यायले. आणि मग मात्र मी जी रडले, ती त्यांच्या पायांना मिठी मारूनच. त्या अजिबात हलल्या नाहीत. पुढेही पुरणपोळीला त्या 'ठीक' म्हणायच्या, बढतीला नाक मुरडायच्या. मला काही वाटायचं नाही. मला जे मिळायचं ते मिळालं होतं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. हृदय थकलं होतं, दवाखान्यातून त्यांनी स्वतःच घरी आणायला लावलं. "आता पुरे," असं त्यांनी मला सांगितलं, संदीपला नाही. आणि मी कोणालाही 'थोडंच राहिलंय' म्हणू दिलं नाही, नणंदेला नाही, आलेल्या थोरामोठ्यांना नाही. शेवटच्या दुपारी खोलीत नातेवाईक दाटले होते. बाहेर जिन्यावर त्यांच्या खो-खोच्या मुली, काही आता आया झालेल्या, पायरीपायरीला बसलेल्या. कोणीतरी म्हणालं, तोंडात पाणी घाला, मुलाने घालायचं. संदीपने चमचा हातात घेतला, त्यांच्या ओठांना लावला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, चमचा माझ्या हातात दिला.

मी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. पातळ, शिरा आलेले, टाचांना भेगा, आयुष्यभर मातीत पळालेले पाय. मग वाकले, चमच्याने पाणी घातलं, आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून खणखणीत आवाजात म्हटलं, "शाब्बास, आई. पाणी प्या."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत. जिन्यावरच्या मुलींना कळलं होतं.